अमेरिका सरकार विरुद्ध पावडरचे डबे

अमेरिकेतल्या जुन्या औषध-खटल्यांत प्रतिवादी माणूसच असेल असं नाही. ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध अमुक इतके डबे’, ‘विरुद्ध तमुक इतक्या बाटल्या’ अशी खटल्यांची नावं असायची. सरकार चक्क मालावर फिर्याद करायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं, पण जरा विचार केल्यावर पटलं. कारखानदार दुसऱ्या राज्यात बसलेला, दुकानदार म्हणणार की मी नुसता विकतो, मला काय ठाऊक. डबे मात्र गोदामात हजर. त्यांच्यावर सरकारी शिक्का मारून ठेवायचा आणि जाहीर करायचं की ज्याचा माल असेल त्याने कोर्टात येऊन भांडावं. बऱ्याचदा कुणी फिरकायचंच नाही. दोन-चार पेट्यांसाठी वकिलाची फी कोण भरणार! मग एकतर्फी निकाल आणि शेवटी ठरलेलं वाक्य: मार्शलने, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याने, माल नष्ट करावा.

हे असले निकाल वाचण्याचं मला व्यसन लागलंय. आमच्या घरात त्याला ‘आईचं कोर्ट’ म्हणतात. नोकरीची सगळी वर्षं औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर लोक कोडी सोडवतात तशी मी जुने पृथक्करण अहवाल वाचते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने 1908 ते 1966 या काळातल्या निकालांच्या नोटिसा स्कॅन करून खुल्या ठेवल्या आहेत. अन्न आणि औषधांवरच्या 1906 च्या केंद्रीय कायद्यातच कलम होतं की कोर्टाचा निकाल लागला की तो प्रसिद्ध करायचा. त्यामुळे हजारो छोट्या छोट्या नोटिसा जमा झाल्या. कुठून कुठे माल गेला, लेबलावर काय लिहिलं होतं, प्रयोगशाळेला आत काय सापडलं, कोर्टाने काय केलं. सगळं दोन-तीन परिच्छेदांत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल गेल्याचा उल्लेख हटकून असतो, कारण केंद्राचा कायदा मुख्यतः अशाच मालाला लागू होता. राज्यातल्या राज्यात बनवून विकलेल्या डब्याला वॉशिंग्टनचे हात पोचत नव्हते.

त्यातही मी जनावरांच्या औषधांकडे आधी वळते. घोडे, गाई, मेंढ्या, डुकरं, कोंबड्या. माणसांच्या औषधांवर भरपूर लिहून झालंय. ही बाजू तशी दुर्लक्षित, आणि माझ्या मते जास्त बोलकी.

मुळात जनावरं या कायद्यात आली कशी? थिओडोर रूझवेल्ट यांनी 30 जून 1906 ला सही केलेल्या आणि 1 जानेवारी 1907 पासून लागू झालेल्या या कायद्यात औषधाची व्याख्या करताना एक छोटा तुकडा आहे: माणसाच्या ‘किंवा इतर प्राण्यांच्या’ रोगाचं निवारण, शमन किंवा प्रतिबंध करण्यासाठी वापरायचा कोणताही पदार्थ. एवढ्या तुकड्यावर पुढची सगळी धरपकड उभी आहे. अंमलबजावणी होती कृषी खात्याच्या रसायन विभागाकडे. डॉ. हार्वे वायली हे त्याचे प्रमुख. शेतकऱ्याचं खातं म्हटल्यावर गोठ्यातला डबा तपासायला येणं ओघानेच आलं.

आता त्या डब्यांत काय असायचं ते बघा. घोड्याची ‘कंडिशन पावडर’, गाईचं टॉनिक, डुकरांचं रामबाण, कोंबड्यांची अंडीवाढ पावडर. नावं वेगळी, चित्रं वेगळी, पण पृथक्करणाचे आकडे एकाखाली एक मांडले तर सगळी एकाच आईची लेकरं. मीठ, खायचा सोडा, गंधक, हिराकस, मॅग्नेशियम सल्फेट, लोणारी कोळसा, जवसाची पेंड. थोडी मेथी, सुंठ, लाल मिरची, जेन्शनचं कडू मूळ. कधी मोरचूद, कधी काजऱ्याच्या (नक्स व्होमिकाच्या) बियांची पूड. आणि डबा जड भरावा म्हणून कोंडा.

मेथी वाचली की मला वासच येतो. अशी पावडर हातात आली की आधी हुंगायची, ही आमची सवय. साहेबलोक म्हणायचे, आधी नोंद करा. पण नाक नोंदीच्या आधी पोचतं. मग चिमूटभर पूड काचपट्टीवर घेऊन क्लोरल हायड्रेटचा थेंब टाकायचा, मंद आचेवर धरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची. मेथीच्या सालीखाली उभ्या रेघांच्या टोपल्यांसारख्या पेशी दिसतात. एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. मिरचीच्या बियांच्या सालीतल्या पेशी आतड्याच्या वेटोळ्यांसारख्या वळलेल्या. आल्याच्या पिठाचे कण चोच काढलेल्या पिशव्यांसारखे, पण ते बघायला दुसरी पट्टी साध्या पाण्यात करायची, कारण क्लोरलमध्ये पीठ विरघळून जातं. काजऱ्यावर लव असते, तिचे काड्यांसारखे तुकडे सगळीकडे पसरलेले. शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला तपासनीस याच पेशी बघत होता आणि याच नावांनी कागदावर उतरवत होता, हे वाचताना फार जवळचं वाटतं. बाकी राहिलं ते जाळून राख तोलायची. राख वारेमाप आली की समजायचं, औषध कमी आणि मीठमाती जास्त.

म्हणजे डब्यात काय आहे हे सांगणं तेव्हाही अवघड नव्हतं. घोडं अडलं दुसरीकडेच.

लेबलावर दावे असायचे ते असे की वाचणाराच दमावा. एकाच पावडरीने खोकला, पोटशूळ, जंत, कातडीचे रोग, गाभण न राहणं, दूध आटणं, सगळं बरं. आणि या सगळ्यांत एक मोठी बाजारपेठ होती डुकरांच्या हॉग कॉलऱ्याची. आज आपण त्याला क्लासिकल स्वाइन फिवर म्हणतो. मक्याच्या पट्ट्यात, आयोवा-इलिनॉयकडे, हा रोग शिरला की कळपच्या कळप बसायचे. ज्याचं वर्षाचं उत्पन्न खुराड्यात तडफडतंय त्याला डबा विकायला फार बोलावं लागत नाही.

या रोगाचा स्वभाव विकणाऱ्याच्या बाजूचा होता. आजारी डुकराचं पहिलं लक्षण म्हणजे ते खाणं सोडतं. औषध तर खाण्यातून द्यायचं. म्हणजे पावडर पोटात जायची कुणाच्या? ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांच्या, किंवा ज्यांना सौम्य झालंय त्यांच्या. जे खात नव्हते ते मरायचे, आणि शेतकरी म्हणायचा, बिचाऱ्याने औषध घेतलंच नाही. जे यातून वाचले त्यांना पुन्हा हा रोग सहसा होत नाही, कारण अंगात प्रतिकारशक्ती आलेली असते. तिचंही श्रेय पावडरीला. शिवाय डबा आणायला माणूस धावतो ते पाच-सात जनावरं गेल्यावर, म्हणजे साथ अर्धी सरल्यावर. साथ ओसरायच्या बेतात असताना जे काही द्याल ते लागू पडतं. मग तो शेतकरी मनापासून कंपनीला आभाराचं पत्र लिहायचा आणि कंपनी ते पुढच्या पत्रकात छापायची. त्या पत्रांना मी खोटी म्हणणार नाही. लिहिणाऱ्याने जे पाहिलं तेच लिहिलंय. जनावर बिचारं ‘मला काही फरक वाटला नाही’ असं लिहायला येत नाही, एवढंच.

गंमत म्हणजे, मीठ-सोडा-गंधकाच्या या पाककृतीला सरकारनेच वजन दिलं होतं. कृषी खात्याने 1894 मध्ये शेतकऱ्यांसाठी काढलेली 24 क्रमांकाची पुस्तिका हॉग कॉलऱ्यावर आहे. लेखक डॉ. डॅनियल सॅल्मन, ज्यांच्या नावावरून साल्मोनेला हे नाव पडलं तेच. तीत नुस्खा दिलाय: लाकडी कोळसा एक भाग, गंधक एक, मीठ दोन, खायचा सोडा दोन, सोडियम हायपोसल्फाइट दोन, सोडियम सल्फेट एक, अँटिमनी सल्फाइड एक. दोनशे पौंडाच्या डुकराला दिवसातून एकदा मोठा चमचाभर. त्या काळी सॅल्मन आणि त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांना वाटत होतं की रोगाचं मूळ त्यांनी शोधलेला जिवाणू आहे. आतड्यात जिवाणू असेल तर आतडी साफ करणारं, कुजणं थांबवणारं काही द्यावं, असा हिशेब. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे तो चुकीचाही नव्हता.

पण 1903 च्या सुमारास त्याच खात्यातल्या द श्वाइनिट्झ आणि मॅरियन डॉर्सेट यांनी आजारी डुकराचं रक्त जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळलं आणि निरोगी डुकराला टोचलं. तरी रोग झाला. म्हणजे कारण जिवाणूहून लहान. आजच्या भाषेत विषाणू. सापडलेला जिवाणू मागाहून घुसणारा चोर निघाला. इथे कोळशाच्या आणि गंधकाच्या पावडरीचा आधारच गेला. डॉर्सेट यांनी पुढे या रोगावरचं रक्तजल (सीरम) तयार केलं आणि 1907 मध्ये आयोवात एम्सजवळच्या शेतांवर ते प्रत्यक्ष कळपांत चालतं हे दाखवलं. पण बाजाराला पुस्तिका पाठ होती, नवा शोध नाही. पुढची कितीतरी वर्षं त्याच घटकांचे डबे पकडले जात होते. मी त्या कंपन्यांची वकील असते तर 24 क्रमांकाची पुस्तिका घेऊनच कोर्टात उभी राहिले असते. तुमच्याच डॉक्टरांचा नुस्खा, माय लॉर्ड, आणि आम्ही लबाड?

हा युक्तिवाद तेव्हाच्या कायद्यात का चालू शकला असता, ते सांगते. कारण खरी मेख तिथेच आहे.

1906 च्या कायद्यात लेबल खोटं किंवा दिशाभूल करणारं असेल तर माल मिथ्याछाप, म्हणजे खोट्या लेबलाचा, ठरत होता. साधं, सरळ. मग 1911 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कॅन्सरच्या एका औषधाचा खटला गेला. कॅन्सास सिटीच्या डॉ. जॉन्सन यांचं ते औषध, माणसांचं. न्या. होम्स यांनी बहुमताचा निकाल लिहिला: कायदा बोलतो तो डब्यात काय आहे, किती आहे, कसलं आहे याबद्दल, रोग बरा होतो की नाही या दाव्याबद्दल नाही. न्या. ह्यूज यांनी विरोधी मत नोंदवलं. मी दोन्ही वाचलीत आणि ह्यूज यांच्या बाजूची आहे. कॅन्सर बरा होतो हे विधान मतमतांतराचा विषय कसं होईल? पण निकाल तो निकाल. डब्यावर ‘मीठ’ लिहून आत मीठ असेल तर खुशाल ‘कॉलऱ्यावर अक्सीर’ लिहा, असा त्याचा अर्थ गोठ्यापर्यंत पोचला.

राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, दुरुस्ती मागितली आणि ऑगस्ट 1912 मध्ये केंटकीचे प्रतिनिधी शर्ली यांच्या नावाची दुरुस्ती आली. रोग बरा करण्याचे खोटे दावे आता कायद्याच्या कक्षेत आले खरे, पण अट घालून: दावा खोटा हवा आणि फसवणुकीच्या हेतूने केलेलाही हवा. दोन्ही सिद्ध करायचं सरकारने. इथे आमच्यासारख्यांची पंचाईत. पावडरीत काय आहे ते मी तासाभरात सांगेन, पावडर बनवणाऱ्याच्या मनात काय होतं ते कुठल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघू? म्हणून पुढच्या नोटिसांत एक ठरावीक भाषा दिसू लागते: दावे खरे की खोटे याची पर्वा न करता, बेदरकारपणे केले, डब्यात असा एकही घटक किंवा घटकांचा मेळ नाही जो सांगितलेला परिणाम घडवेल. तीच वाक्यं नोटिसांमागून नोटिसांत. कंटाळवाणी वाटतात, पण त्यामागे सरकारी वकिलाने किती घाम गाळला असेल ते मला कळतं. समोरच्याने शेतकऱ्यांच्या पत्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, माझा विश्वास होता हो, तर संपलंच. आभाराची पत्रं जाहिरातीच्या कामी यायचीच, आता बचावाच्याही कामी येणार.

शिक्षेचं तर विचारूच नका. दुसऱ्या राज्यात मिथ्याछाप माल पाठवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त 200 डॉलर दंड. त्यामुळे माणसावर खटला भरण्यापेक्षा मालावर भरणं अधिकाऱ्यांना परवडायचं. निदान तेवढे डबे तरी शेतकऱ्याच्या घरी जात नाहीत. कधी मालक हजर व्हायचा, दावा कबूल करायचा, खर्च भरायचा, जामीन द्यायचा आणि माल सोडवून न्यायचा, नवं लेबल लावण्याच्या अटीवर. तीच पावडर, कपडे बदललेली.

कपडे बदलण्यात ही मंडळी तरबेज होती. कायदा आल्यावर ‘क्युअर’ (हमखास बरं करणारं) लिहिणारे ‘रेमेडी’ (नुसता उपाय) लिहू लागले. रोगाचं नाव अंगाशी येतंय म्हटल्यावर ‘टॉनिक’, ‘कंडिशनर’, ‘पचनाला मदत’. शिवाय कायदा डबा आणि त्याच्या लेबलापुरता. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला तो लागू नव्हता. तेव्हा डब्यावर सोज्ज्वळ भाषा आणि शेतीच्या साप्ताहिकात अर्धं पान गर्जना. जाहिरातीचं एक उदाहरण मला फार आवडतं, लबाडीचं म्हणून नव्हे, धाडसाचं म्हणून. मिनियापोलिसच्या एका पशुखाद्य कंपनीच्या मालकाने, मॅरियन सॅव्हेज यांनी, 1902 मध्ये डॅन पॅच हा शर्यतीचा घोडा 60,000 डॉलरला विकत घेतला आणि त्याच्या नावावर खाद्य विकलं. घोडा पळतो जन्मजात गुणांवर आणि सरावावर, पण कौतुक डब्याचं. 1916 च्या जुलैत घोडा वारला आणि दुसऱ्याच दिवशी सॅव्हेजही गेले. असो, विषयांतर झालं.

रक्तजल आणि लशींचा मामला वेगळा. तिथे पेच असा की डॉर्सेट यांच्या पद्धतीत रक्तजलाबरोबर जिवंत विषाणूचं रक्तही टोचायचं; माल नासका निघाला तर औषधच साथ लावणार. डबा खपल्यावर लेबल तपासून इथे भागत नाही. म्हणून 4 मार्च 1913 ला वेगळा कायदा झाला: जनावरांसाठीचं निरुपयोगी, दूषित, धोकादायक किंवा अपायकारक रक्तजल-लस विकायची नाही, आणि राज्याबाहेर पाठवायची तर कृषी खात्याचा परवाना आधी. विकण्याआधी परवाना! माणसांच्या गोळ्यांनाही तेव्हा हे नव्हतं. हा रोग पुढे 1962 पासूनच्या निर्मूलन मोहिमेने संपवला आणि 1978 मध्ये अमेरिका त्यातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्यात लस, परवाने, कळप ताब्यात घेणं, खाद्याचे नियम असं बरंच होतं. कोळसा-गंधक नव्हतं.

पावडरीला मात्र 1938 पर्यंत थांबावं लागलं. ‘सल्फानिलामाइड एलिक्झर’ नावाच्या विषारी पातळ औषधाने आदल्या वर्षी शंभराहून अधिक माणसं मारली तेव्हा कुठे नवा कायदा संमत झाला. त्यात फसवणुकीचा हेतू सिद्ध करायची अट गेली. लेबल कोणत्याही तपशिलात खोटं किंवा दिशाभूल करणारं असलं की बस. मनातलं शोधायचं काम संपलं. शिवाय वापराच्या पुरेशा सूचना लेबलावर हव्यात हेही आलं. या साली नोटिसांची भाषा एकदम हलकी होते, वाचताना स्पष्ट जाणवतं. आणि 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक फट बुजवली: औषधाबरोबर वापरायला म्हणून वेगळ्या पार्सलने पाठवलेलं माहितीपत्रकही लेबलिंगच. डबा सोज्ज्वळ आणि पत्रक बेताल, हा खेळ तिथे आटोक्यात आला.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा पालट 1968 चा. त्या वर्षीच्या पशु-औषध दुरुस्त्यांनी जनावरांच्या नव्या औषधांना स्वतंत्र मंजुरीची चौकट दिली. सुरक्षित आहे आणि गुणकारी आहे, हे बनवणाऱ्याने आधी सिद्ध करायचं, तेही नियंत्रित अभ्यासांनी. आभाराच्या पत्रांचा गठ्ठा पुरावा म्हणून चालणं बंद. ज्या हॉग कॉलऱ्याच्या पावडरीबद्दल मी वर लिहिलं, तिला औषध न देता ठेवलेल्या दहा डुकरांशी शेजारी उभं केलं असतं तर तिचा निकाल महिन्याभरात लागला असता.

तरी डबे संपलेले नाहीत, आता ते ऑनलाइन मिळतात. 2021 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला, म्हणजे वायलींच्या विभागाच्या वारसाला, लोकांना ‘तुम्ही घोडा नाही, गाय नाही’ असं ट्विट करून सांगावं लागलं, कारण कोविडवर म्हणून माणसं जनावरांचं आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध घेत होती. तिथे लेबल खरं होतं, वाचणारा चुकत होता. 2023 च्या डिसेंबरमधला प्रकार जास्त पारंपरिक: शोभेचे मासे आणि पक्षी यांच्यासाठी म्हणून मंजुरीविना विकल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सबद्दल नऊ कंपन्यांना इशारापत्रं गेली. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन; बाटलीवर मासा. मेथी आणि कोळशापेक्षा ही चीज कितीतरी धारदार, कारण आतला माल खरोखर काम करणारा आहे आणि चुकीच्या वापराने जिवाणू त्याला सरावतात.

अशा इशारापत्राला उत्तर द्यायला साधारणपणे कामकाजाचे 15 दिवस असतात. पुढची पायरी आजही तीच आहे, मालाची जप्ती, आणि खटल्याच्या नावात आजही डबे आणि बाटल्या येऊ शकतात. नऊपैकी कुणी लेबल बदललं आणि कुणी माल मागे घेतला, हे बघायला मी त्या यादीवर नजर ठेवून आहे. पैज लावायची तर मी लेबलावर लावेन.